पदर नव्हता तो

चि. सौ. चैताली,
सासूचा आशीर्वाद घे. हे पत्र मी टाकणार नाय, म्हणून सगळं खरं लिहिते.

त्या रविवारी तुम्ही दोघं सातपूरहून आलात, तेव्हा मी कांदाचाळीपुढं कांदा निवडत बसले होते. एकदम उजव्या डोळ्यापुढं काळं आलं. मला वाटलं पदर घसरला. तीनदा मागं सारला, तर पदर डोक्यावरच. दहा मिनिटांनी दिसायला लागलं, मी परत कांद्याला हात घातला. तू विचारलंस तेव्हा म्हणले, "गेलं ते, आता बरं हाय."

तू म्हणालीस, "आई, बरं वाटलं तरी आत्ताच दवाखान्यात जायचं. उद्या वेळ मिळेलच असं नाही." रिक्षात वाटभर मी तुला बोल लावले, फुकटची मास्तरीण म्हणले. डॉक्टरीणबाईनं मानेच्या शिरा तपासल्या. रक्ताची बारीक गुठळी डोळ्याकडं जाऊन विरघळली होती. पुढची मेंदूत गेली असती तर अर्धं अंग लुळं पडलं असतं, म्हणाली. आता गोळ्या चालू हायेत अन् डोळा लख्ख हाय. सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवते.

काल शेजारच्या सिंधुबाईच्या एका डोळ्यापुढं अशीच अंधारी आली अन् गेली. ती निवांत चहा ठेवायला निघाली. मी तिला दंडाला धरून रिक्षात कोंबली अन् तुझं अख्खं भाषण ऐकवलं.
ती म्हणली, "लताबाई, तुला गं एवढं कुठनं कळतं?"
मी म्हणले, "मला पहिल्यापासून कळतं."

तुझी सासू,
लताबाई