सैल केलेली झाकणं

भटक्या,

सगळे घाट सायकलवर पार करून वेळेत मोहीम पुरी केलीस, हा निरोप सकाळी आला. मी हातातला कंगवा ठेवून हे लिहायला बसले.

कुलूप शेजारच्या काकूंनी उघडून दिलंच असेल, मी सांगून ठेवलं होतं. इतके दिवस हँडल धरून तुझी बोटं बधिर झाली असणार, किल्ली काय फिरणार! म्हणून मधाच्या बरणीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळी झाकणं सैल करून ठेवली आहेत. बरणी झाकणाला धरून उचलू नकोस, नाहीतर फरशीला मध पाजशील. बटणांचे शर्ट आत टाकलेत, डोक्यातून घालायचे पलंगावर आहेत. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवून बघ, बोटांवर भरवसा नको. आणि सायकल बाहेरच राहू दे. ती घरात आली की मला जागा उरत नाही.

मी कामावर आहे. सुट्टी मिळाली असती, मागितली नाही. शेवटच्या वळणावर मी टाळ्या वाजवायच्या आणि तू धापा टाकत 'पुढच्या वर्षी' म्हणायचं, हे या वेळी झेपलं नसतं. ही शर्यत नव्हे म्हणतोस. मग दरवर्षी कुणाला मागे टाकायला जातोस?

गेल्या वेळी मी तुझा हात हातात घेऊन बसले होते आणि तुला ते कळलंच नव्हतं. संध्याकाळी येईन तेव्हा झोपला असलास तर उठवणार नाही. पण बोटांत जीव आला की ब्रेक तपासायला धावू नकोस. आधी माझा हात धर.