बिनमिठाचं पान

४ सप्टेंबर, गुरुवार
शेवटचं प्रकरण झालं. चिमी पळाली. मालकाच्या मुलाने, वासूने, फाटकाची कडी काढली, चिमी किनाऱ्याला पोचली, होडी तयार, वारा बरा. मुलांच्या कादंबरीचा शेवट असाच हवा. हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. दोनदा चहा केला, दोन्ही निवले. मग उगाच समुद्रापर्यंत जाऊन आले. बोटी अजून ताडपत्रीखालीच.

प्रकाशकबाईंना फोन केला, बावीसला बाड पाठवते म्हणून. त्या खूश. "गुलामगिरी म्हणजे जड विषय हो. पण शेवट आशादायी आहे ना?" आहे म्हटलं.

६ सप्टेंबर, शनिवार
विसर्जनाला सगळं नागाव रस्त्यावर, आणि ओवी माझं बाड घेऊन माडाखाली. ओवी म्हणजे भाऊजींची धाकटी, सहावीत. माझी पहिली वाचक आणि फार वाईट वाचक, कारण विसरत काही नाही.

"काकू, चिमी पळाली, तर मग आपण तिचं पान का वाढतो?"

गोष्ट आहे गं ही, म्हटलं.

"पण तूच सुरुवातीला लिहिलंयस, ही आमच्या घरातली खरी हकिकत आहे."

 लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. सर्वपित्रीला आतली पानं वाढून झाली की एक पान मागच्या दारी, विहिरीजवळच्या दगडावर. बिनमिठाचं. मीठ घालायच्या आधीच तिच्यापुरतं काढून ठेवायचं. 'मागलीचं पान'. ही मागली म्हणजे रेवदंड्याच्या बंदरावर विकत घेतलेली बाई, फिरंग्यांच्या अमलानंतरची, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. नाव कुणालाच ठाऊक नाही. चिमी मी ठेवलं.

पळून गेलेल्या माणसाचं पान कोण वाढतं? एवढं साधं मला सुचू नये.

८ सप्टेंबर, सोमवार
पितृपक्ष लागला. सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या, शेजारी बसले. आई, मागली कधी पळाली होती का हो?

"पळाली तर. फाटकापर्यंत गेली."

मग?

"घरातल्या पोरानं बघितली. बोंब ठोकली त्यानं. आनली परत." चार वाल सोलून झाल्यावर, "हितंच म्हातारी झाली. त्याच पोराची पोरं तिनं वाढवली."

हे एवढी वर्षं का सांगितलं नाहीत?

"तू इचारलंस कधी?"

खरंच नव्हतं विचारलं. पान दिसलं, गोष्ट सुचली, पुढचं मीच रचत गेले. त्या मुलाचं पुढे काय झालं म्हणून विचारलं. मोठा झाला, घरचा कर्ता झाला. ती गेल्यावर पान सुरू केलं ते त्यानेच. ओरडलो म्हणून वाईट वाटलं असेल का? आई म्हणाल्या, "त्ये त्याला ठावं."

१० सप्टेंबर, बुधवार
म्हणजे ज्याने बोंब मारली त्यालाच मी कडी काढायला लावली. वासूला! सगळ्या पुस्तकात त्याच्यावर जीव लावून ठेवलाय. मुलांना तो आवडणार हे मला पक्कं माहीत आहे. स्वतःचाच राग राग.

दुसरा शेवट लिहायला घेतला. वासू दारात उभा आहे, चिमी त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवते, आणि तो... इथे अडकलंय. सकाळपासून चारच ओळी. मध्ये उठून फ्रिज पुसला.

प्रकाशकबाई: "शाळा घेणार नाहीत हो असलं. पळू दे ना बिचारीला. तुमचं काय जातंय?"

१३ सप्टेंबर, शनिवार
जेवताना भाऊजींना सांगून टाकलं. पुस्तकात हे येणार, या घराचं म्हणून येणार. त्यांनी भात कालवायचा थांबवला.

"मीरा, आजोबांचे आजोबा ते. त्यांची बाजू मांडायला ते आहेत का आज?"

भात तसाच ठेवून पुढे म्हणाले,

"लोक राहायला येतात आपल्याकडे. उद्या म्हणतील, यांच्यात बाया विकत घ्यायचे. ओवीला शाळेत विचारतील. घराचं नाव काढ, मग काय हवं ते लिही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

तिची बाजू मांडायला तरी कोण आहे, हे मला भांडी विसळताना सुचलं. वेळेवर कधी सुचत नाही. कागदावर मात्र मी वाघीण.

१५ सप्टेंबर, सोमवार
ठरवलं. यंदा मागलीचं पान मागच्या दारी नाही. आत, सगळ्यांच्या रांगेत, मीठ वाढून. काय व्हायचं ते होऊ दे. मोठ्या तोऱ्यात आईंना सांगायला गेले.

त्या बघतच राहिल्या. "मीठ कशाला? या घरचं मीठ पोटात गेलं म्हंजे बांधलीच की तिला परत. पान सुरू करनाराच सांगून गेलाय, मीठ घालू नका. सुटू दे तिला."

आणि मी समजत होते हा आमचा कद्रूपणा. बटकीला मीठसुद्धा द्यायचं नाही म्हणून. पुस्तकात तसं लिहूनही बसलेय, चांगलं दात-ओठ खाऊन. माझं भलेपण म्हणजे तिला पुन्हा आत ओढायचं. रडू आलं. आईंनी वालांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

पण मग सुटू दे म्हणणाऱ्याने पान घरामागेच का ठेवलं? विहिरीपाशी, जिथे ती जन्मभर भांडी घासत होती. तेवढं धाडस त्यालाही झालं नसेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार
काही सुचत नाही. आत नको, मागेही नको. ओसरीवर ओवीशी बोलत होते.

"काकू, तिला कुठे जायचं होतं?"

बाहेर. समुद्रावर.

"मग फाटकाबाहेर ठेवूया ना."

एवढंच. पुन्हा चित्रकलेच्या वहीत डोकं. भाऊजी झोपाळ्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण झोपाळा थांबला.

२० सप्टेंबर, शनिवार
श्री मुंबईहून आला. नवराच तो, त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, तुझं तू ठरव, मी तुझ्या बाजूने आहे. पण दादासमोर बोलशील का, म्हटलं तर आंघोळीला गेला.

पाहुण्यांच्या खोल्या भरल्यात. पुण्याचं एक कुटुंब, त्यांना उद्या जाण्याआधी सुरमई हवी. उद्या या घरात सुरमई नाही हे जाऊबाईंनी गोड बोलून पटवलं. मला असं गोड बोलता येत नाही.

दोन्ही शेवट लिहून तयार. दुसऱ्यात वासू ओरडतो.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री
आज घडलं ते लिहून ठेवते.

अळू, भोपळा, वडे, खीर. मिठाआधी मागलीचं काढून ठेवलं. आतली पानं वाढून झाली. भाऊजींनी वाडीतलं ताजं केळीचं पान आणून माझ्यासमोर ठेवलं, त्याच्यावर वाढ म्हणाले नाहीत, नको वाढूसही म्हणाले नाहीत. मी वाढलं. ओवीने उचललं आणि सरळ पुढच्या दाराने निघाली. मी मागे. आई काठी टेकत पायरीपर्यंत आल्या. भाऊजीही आले.

फाटकाबाहेर, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पान ठेवलं. तिथेच पुण्याचे पाहुणे गाडीत सामान भरत होते.

"काका, हे काय? नजर उतरवलीत का?" गृहस्थ हसतच विचारत होते.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. सांगायचं असेल तर सांग, असंच ते बघणं होतं. मी वाकून पान उगाच सरळ केलं. धाडसावर पुस्तक लिहिणारी बाई मी. इतके दिवस घरभर तणतणले, आणि एका अनोळखी माणसाला एक वाक्य सांगवेना. माझा वासू दारात का अडकला होता ते तेव्हा कळलं. तो ओरडला आणि मी गप्प राहिले, फरक एवढाच.

ओवी म्हणाली, "आमच्याकडे पूर्वी एक बाई होती. विकत घेतलेली. तिला पळून जायचं होतं. आमच्याच माणसाने ओरडून पकडून दिली. म्हणून पान."

गृहस्थांचं हसू गेलं. बायको म्हणाली, चला उशीर होतोय. मला वाटलं आता भाऊजी ओवीला आत धाडतील. ते रस्त्यात गेले, पानाच्या अलीकडे उभे राहिले आणि हाताने दाखवत गाडी पलीकडून काढायला लावली. गाडी वळेपर्यंत तिथेच होते.

जेवताना पुस्तकाचा विषय नाही. ओवीला एक शब्द नाही. मीठ मात्र आज भाऊजींनी वाढू दिलं नाही, पानावर हात आडवा धरला. खीर दोनदा घेतली.

संध्याकाळ. बाड उद्या पाठवायचं आहे. वासू ओरडतो तो शेवट वर ठेवलाय. पहिलं पान समोर आहे. 'ही आमच्या घरातली खरी हकिकत आहे.' पेन हातात घेऊन बसलेय. खोडलेलं नाही.

ओसरीवरून रस्ता दिसतो. दिवेलागणीला भाऊजी न चुकता फाटकाला कडी घालतात, गुरं वाडीत शिरतात म्हणून. आज ते झोपाळ्यावर बसून आहेत. फाटक सताड उघडं आहे.