लाल खुणेचं पिल्लू

प्रिय एफीताई,

मी बरा आहे. बेटावरची झोपडी कोरडी आहे. लाखलानकाका बटाटे आणि खारवलेला मासा उकडतात, समोर येईल ते मी खातो. वादळात आपल्या गोठ्याचं छप्पर टिकलं ना?

इथे एका सील मादीचं पिल्लू लाटेनं नेलं. पिल्लांच्या मोजणीसाठी आम्ही त्याच्या पाठीवर निळी खूण केली होती. ती मादी पाण्याकडे तोंड करून पडून असायची. काल पाहिलं तर तिच्या कुशीत लाल खुणेचं पिल्लू दूध पीत होतं. त्याची आई वादळानंतर दिसलेलीच नाही.

"हे आपलं नाही, हे हिला कळत नाही का?" मी विचारलं.

"न कळायला काय झालं? चांगलं हुंगून घेतलंय तिनं," काका म्हणाले. "तिला पान्हा आहे, पोर भुकेलंय. तू गपगुमान मोज."

मी मोजलं.

मोराग गेल्यापासून माझी इश्बेल तुझ्याकडेच आहे. आता ती तुला आई म्हणायला लागलीय, तर तिला मोरागचा फोटो दाखवून 'खरी आई ही' असं सांगू का, असं तू विचारलंस. फोटो भिंतीवर राहू दे. तिनं आई म्हटलं की तू ओ दे.

तुझा धाकटा,
रूअरी