मळ्याची मागची वाट

लासूर स्टेशन, शिबिराचा चौथा दिवस

बाबा, तुम्हाला आणि आईला जयभीम.

इथं फोन जमा करून घेतात आणि चौथ्या दिवशी सगळ्यांनी घरी पत्र लिहायचं असतं. माझ्या शाळेच्या मुली लिहायला बसल्यात, म्हणून मीही बसले.

निघताना एक सांगितलं नाही, तुमच्या जिवाला घोर नको म्हणून. हे स्काऊट-गाईडचं मैदान म्हणजे तोच जहागीरदारांचा मळा. नातवांनी शिबिरासाठी देऊन टाकला. आजोबांनी खोदलेल्या विहिरीवर आता नळ बसलेत. पाणी लई गोड आहे, बाबा. मी ओंजळीनं पिते.

काल प्रत्येक शाळेला बांबू आणि दोरीची कमान उभारायची होती. आजोबा चपला हातात घेऊन ज्या मागच्या वाटेनं जायचे, नेमकी तीच जागा माझ्या मुलींनी निवडली. "मॅडम, इथं सावली हाय," एवढंच त्यांचं कारण. मी दोरीचं बंडल त्यांच्या हातात दिलं. एकही खिळा न मारता कमान उभी राहिली आणि पहिला नंबर आला.

पहिल्या आलेल्या कमानीतूनच रविवारी सगळे पाहुणे आत येणार, जहागीरदारांचे नातूसुद्धा. फीत कोण कापणार, ते जिंकलेल्या शाळेनं ठरवायचं. मी लिहून दिलंय: विहीर खोदणाऱ्या कडुबांचा मुलगा.

त्या मळ्याचं तोंड बघणार नाही म्हणाला होतात, ते लक्षात आहे. गुडघा कसा आहे? दादाच्या गाडीवर या. नवे बूट घाला, आणि ते कुठंच काढू नका.

तुमची
रत्नमाला