वरच्या मजल्यावरची मीटिंग

१ डिसेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून. बायको, राजश्री, सानिकाला घेऊन दिवाळीपासून पावसला भावाकडे आहे. हवापालट.

सानिकाचा फोन. तिचा साखरपुडा २१ तारखेला. म्हणाली, "बाबा, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते. तिथे एकदा तरी जाऊन या. नाहीतर त्या दिवशी येऊ नका." मी हसलो. ती हसली नाही.

वास्तविक मी दारुडा नाही. मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. डिझेलचा वास घशात बसतो, तो उतरवायला थोडी लागते. पण लेकीचं मन मोडायचं नाही. ठरलं. एक मीटिंग, विषय कायमचा बंद.

२ डिसेंबर, दुपारी
गुप्तता महत्त्वाची. मी घेतो हे अख्ख्या रत्नागिरीत कोणाला माहीत नाही. नेटवर नंबर शोधला, बर्फाच्या फॅक्टरीमागे जाऊन फोन लावला. नाव सांगितलं सागर. पलीकडचा माणूस सज्जन. दर गुरुवारी संध्याकाळी सहा, शाळेमागची दुमजली इमारत. शेवटी म्हणाला, "नक्की या, रावजी." हल्ली मोबाइलवर खरं नाव आपोआप दिसतं. विज्ञान!

३ डिसेंबर
उद्यापासून बंद. म्हणून आज निरोप. निरोप जरा लांबला.

४ डिसेंबर, गुरुवार
विजय! मीटिंग झाली.

खालच्याच हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं. इतके जण या त्रासात असतील असं वाटलं नव्हतं. वाट न बघता उभा राहिलो. म्हटलं, "मी सगळं सोडायचं ठरवलंय." सगळ्या माना वळल्या. पांढऱ्या टोपीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "किती वर्षं झाली?" म्हटलं, "बावीस." ते म्हणाले, "मग सोडता कशाला? वरून छाटणी करा. नवी पालवी फुटेल." काय बोलला माणूस! डोळ्यांत पाणी आलं. नंतर पोहे, चहा.

आनंद झाला म्हणून येताना थोडी.

५ डिसेंबर
सानिकाला फोन केला. तिने विचारलं, तिथे काय सांगितलं? मी म्हटलं, छाटणी करा, आणि मोहोरावर थ्रिप्सची कीड दिसली की फवारणीला उशीर नको.

ती म्हणाली, "काय?" मग हसायला लागली. किती दिवसांनी ऐकलं ते हसू. मग म्हणाली, "बाबा, ती आंबा बागायतदारांची सभा. आपली वरच्या मजल्यावर असते. मागच्या महिन्यात मी जाऊन विचारून आलेय."

एकटी गेली होती. तो जिना चढून.

आज कामात लक्ष लागलं नाही. डिझेलचा वास फार होता.

११ डिसेंबर, गुरुवार
वरच्या मजल्यापर्यंत पोहोचलो. दाराबाहेर चपला. मोजल्या, अकरा जोड. एक जोड ओळखीचा, निळ्या पट्ट्यांचा. आत माझ्या ओळखीचं कोणी असेल तर गावभर बोभाटा होईल. खाली आलो. माघार नव्हे, सावधगिरी. धक्का मोठा होता, क्वार्टर लागली.

१५ डिसेंबर
ट्रॉलरवर काम करताना पान्हा हातातून निसटून समुद्रात. पाठोपाठ दुसरा. तांडेल दीपक म्हणाला, "रावजी, तू जरा बस. इंजिन मी बघतो." बोट चालवणारा माणूस मला इंजिन शिकवणार! पान्ह्यांना तेल लागलं होतं. दिवसभर जाळ्यांच्या ढिगावर बसून राहिलो. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१८ डिसेंबर, गुरुवार
साडेपाचला जानू रिक्षावाला दारात. "चल." कुठे विचारलं तर म्हणाला, "गुमान बस." थेट त्या इमारतीपाशी. वर जाऊन त्याने चपला काढल्या. निळे पट्टे. अरेरे, जानूलाही हा त्रास! ठरवलं, याला आपण धीर द्यायचा.

आत गेल्यावर कळलं, तो सहा वर्षं प्यायलेला नाही. फोनवरचा सज्जन तोच. अकरातले सात जण ओळखीचे. मला बघून एकालाही धक्का बसला नाही, याचं वाईट वाटलं.

दहा मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. उठलो आणि म्हणालो, "मी रावजी. माझी मुलगी इथे येऊन गेली." पुढचं काही आठवेना. बसलो. शेजारच्याने पाण्याचा पेला पुढे केला. जानू म्हणाला, "पुरे आजच्याला."

१९ डिसेंबर
जानूने सकाळीच डॉक्टरकडे नेलं. एकदम सोडताना त्रास होतो, म्हणून गोळ्या. आज घेतली नाही. फार सोपं आहे, लोक उगाच बाऊ करतात. (सकाळी ११)

फार सोपं नाही. (दुपारी १२)

२१ डिसेंबर, रविवार. पावस
तिसरा दिवस. जानूच्या रिक्षाने आलो. मनात होतं, चार शब्द बोलावेत, तरुणांपुढे आदर्श ठेवावा. सानिका कानात म्हणाली, "बाबा, काही बोलू नका. नुसते बसा." बसलो. राजश्रीने आल्याचा चहा आणून दिला, दोन्ही हातांनी धरून प्यायलो. गाणं नाही, भांडण नाही, व्याह्यांना मिठी मारणं नाही.

राजश्रीच्या मामी बराच वेळ बघत होत्या. शेवटी जवळ आल्या, कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "जावईबापू इतके गप्प? बरं नाही का तुम्हाला?"

म्हटलं, "हो मामी. आजारीच आहे. बरं व्हायला वेळ लागेल म्हणतात."