नवमीला थांबलेली चाचणी

२८ सप्टें.
नमुना धरून आहे. निकेलच्या मिश्रधातूची काडी, साडेनऊशे अंशांच्या भट्टीत, खाली वजनं टांगलेली. आज सत्तर दिवस. केसभर लांबलीय.
अण्णा आईला घरी ठेवून सोनईहून नगरला आलेत. आल्या आल्या वजनांच्या तरफेला तेल. तीही त्यांनीच बसवून दिलेली, शुगर फॅक्टरीतला फिटर रिटायर होत नाही. काडीच्या आत काय चालतं विचारत होते. सांगितलं, आत बारीक चौकोनी ठोकळे, मधे अरुंद गल्ल्या. भार पडला की अणूंच्या रांगांतले दोष गल्ल्यांतून सरकतात.
"अन् ठोकळ्यात शिरले की?"
मग पुढे तुटतं.
"म्हंजी तवर धरून ऱ्हातंय."
उद्यापासून पुण्यात परिषद. लॅबची किल्ली अण्णांकडे. फक्त वहीत आकडे लिहायचे, बाकी काही नाही. काडी तुटेपर्यंत चाचणी थांबवायची नाही.

२ ऑक्टो., दसरा
लॅबमध्ये भट्टी गार. वजनं जमिनीवर ओळीनं, प्रत्येकावर हळदकुंकू. तरफेला झेंडूचा हार.
काल खंडेनवमी. फॅक्टरीत त्या दिवशी यंत्रं बंद ठेवायचे. "सत्तर दिस उभं हाय बिचारं. पूजेला चालू ठेवत्यात व्हय?"
मी वॉचमनसमोर अण्णांना नाही नाही ते बोलले. तुम्हाला यातलं काय कळतं, माझं पीएचडीचं वर्ष घालवलंत. अण्णांनी हार काढून पिशवीत ठेवला. दुपारच्या एसटीनं गेले. आपट्याची पानं टेबलावर तशीच.

९ ऑक्टो.
रोज फोन करायचं ठरवत होते. आज आईचाच आला. अण्णांना अर्धांगवायूचा झटका, श्रीरामपूरला ॲडमिट. वाचा गेली. मी बोलले तेच आमचं शेवटचं बोलणं ठरलं तर

१८ ऑक्टो.
सर म्हणाले, आहे तो नमुना तरी बघ. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एक दोष ठोकळ्याच्या कडेतून नुकताच आत शिरतोय, तिथंच थिजलेला. तापलेला असताना वजन काढलं असतं तर हे सैल पडून पुसट झालं असतं. वही उघडली. अण्णांचं अक्षर: "स. ७ भट्टी बंद. वजन तसंच. संध्या. गार झाल्यावर वजन काढलं. मग पूजा."
सगळं कळत होतं त्यांना. सर चित्रावर खूश, तुटलेल्या काडीत हा क्षण सापडलाच नसता. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

२० ऑक्टो., श्रीरामपूर
चित्राची प्रिंट अण्णांसमोर धरली. म्हटलं, दोष ठोकळ्यात शिरतानाच सापडला, तुमच्यामुळं. मी चुकले, अण्णा.
बराच वेळ बघत होते. मग डाव्या हातानं प्रिंट घेतली, छातीवर पालथी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.
आई म्हणाली, "झोप आली आसंल त्यास्नी."
डोळे उघडे होते. मी खाटेच्या भिंतीकडच्या बाजूला गेले तेव्हा दिसले.