मुरगूडच्या खोलीचा रंग

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. ११ ऑगस्ट १९९८

चि. सौ. दानेश्वरी हिस,
अप्पांचे अ. उ. आ.

रविवारी मुरगूडला येऊन तुझ्या घरची मागची खोली पाहिली. माझी येथील खोली घरमालकाला दसऱ्याच्या आत हवी आहे, म्हणून मी कायमचा तुझ्याकडे यावे आणि त्यासाठी अमरेशरावांनी दारे-खिडक्या स्वतः रंगवल्या आहेत, असे तू लिहिले होतेस. रंगवल्या नाहीत, झाकल्या आहेत. चौकटीला नख लावले, तर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा हातात आला. खाली जुना ऑईलपेंट जसाच्या तसा तुळतुळीत.

तुळतुळीत पृष्ठभाग रंग धरत नाही. जुना ऑईलपेंट तुळतुळीत असतो. सबब त्यावर रंग धरत नाही. माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगाही एवढे अनुमान काढीत असे. अमरेशरावांचे उत्तर असे की, रंग भारीतला आहे, बसेल हळूहळू. याला अनुमानाचा हेतू, म्हणजे कारण, म्हणत नाहीत, आशा म्हणतात. आधी सोड्याने धुवावे, चकाकी मरेपर्यंत पॉलिशपेपरने घासावे, खड्डे लांबीच्या लगद्याने भरून प्रायमर द्यावा, मग रंग. जावईबापू कापडाच्या दुकानात बसतात. मळक्या कापडावर नवे अस्तर शिवून ते गिऱ्हाइकाला देतात काय?

मठाच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी आहे. पुढच्या महिन्यात त्यांना होकार किंवा नकार कळवायचा आहे.

लोभ आहेच, तो वाढावा असे या भेटीत काही घडले नाही.

महालिंग


मुरगूड
ता. २३ ऑगस्ट १९९८

तीर्थरूप अप्पांच्या चरणी,
दानेश्वरीचा शि. सा. न. आणि शरणार्थ.

तुमचे पत्र ह्यांच्यापासून लपवणार होते, पण पोस्टमनने ते दुकानातच दिले. वाचून हे एवढेच म्हणाले की, मास्तरांनी नापास केलंय, पुन्हा बसायला पायजे. मग दारे-खिडक्या घासायला घेतल्या. धुळीने असे पांढरे झाले की गिऱ्हाइकं विचारू लागली, मालक, भस्म फासून जंगमाची दीक्षा घेतलीसा काय!

चौकट मात्र तशीच आहे. मामंजी त्या खोलीत वारले, तेव्हापासून सासूबाई दर सोमवारी त्या चौकटीवर भस्माचे पट्टे ओढतात. पहिल्या खेपेसही पॉलिशपेपर पाहताच त्या कडाडल्या होत्या की, देवाचं कपाळ हाय ते, कपाळ कोण खरवडतंय व्हय? ह्यांना आईला नाही म्हणवेना आणि मलाही नाही म्हणवेना. म्हणून त्यांनी तेव्हा भस्म न पुसताच वरून रंग दिला. तुमच्या नखाला लागला तो हा प्रकार.

अप्पा, त्या दिवशी तुम्ही चहा बशीच्या बाहेर ओतलात. मी पाहिले. तुम्ही दार तपासलेत, खिडकी तपासलीत. खोली काही पाहिली नाहीत. अडचण रंगाची आहे की लेकीच्या घरी राहण्याची, ते एकदा सरळ लिहा.

रागावलात तरी मायेत ठेवा.

तुमची दानेश्वरी


राजारामपुरी, कोल्हापूर
ता. २९ ऑगस्ट १९९८

चि. सौ. दानेश्वरी हिस,
अ. उ. आ.

तुझा प्रश्न दोनच पर्याय देतो, म्हणून सदोष आहे. तरी उत्तर देतो. म्हातारपणी गाठोडे घेऊन जावयाच्या दारात उभे राहणे मला पसंत नाही. ते दार सोललेले असेल, तर अधिकच नाही.

तुझ्या सासूबाईंचा, मल्लव्वांचा, युक्तिवाद असा की, भस्म पवित्र, म्हणून चौकट घासू नये. भस्म म्हणजे राख. राखेने घरोघर भांडी घासतात. घासण्याच्या साधनालाच घासण्याचे वावडे असावे, हे नवल. आईला एवढे सांगण्याचे धैर्य नसलेला गृहस्थ रंगाचा डबा उघडतो, आणि घरातले त्याला कौतुकाने ब्रश देतात.

चहा सांडला, तो तुमच्या बशीचा काठ बसका आहे म्हणून.

मठाला होकार देण्याचे जवळजवळ ठरवले आहे. मुलांना आशीर्वाद, त्यांना तरी आधी घासायला शिकव.

महालिंग


मुरगूड
ता. ८ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न.

तुमचे राखेचे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवले. दाखवायला नको होते. म्हणाल्या की, चुलीची राख नि भस्म येकच म्हणतोय, कसली शाळा शिकवली म्हणायची ह्या पंडितानं? त्या दुपारी जेवल्या नाहीत. संध्याकाळी पाहते, तर स्टुलावर चढून स्वतः चौकट घासताहेत. ह्यांना हातही लावू दिला नाही. उतरल्यावर डोळे पुसत म्हणाल्या की, गेलेल्या माणसाचं पट्टं मी काढलं, आता येणाऱ्यानं यावं की. येत न्हाय म्हणला तर तसं कळव, म्हंजे मला पट्टं परत वढाय बरं.

चौकट लाकडापर्यंत कोरी झाली आहे. रंग दिलेला नाही. मी यापुढे आग्रह करणार नाही.

दानेश्वरी


राजारामपुरी, कोल्हापूर
ता. १२ सप्टेंबर १९९८

चि. सौ. दानेश्वरी हिस,
अ. उ. आ.

मल्लव्वांच्या बोलण्यात दोष पुष्कळ आहेत. परंतु प्रतिपक्ष स्वतःची बाजू आपल्यासाठी खरवडून काढतो, तेव्हा खंडन कशाचे करावे, हे आमच्या शास्त्रात सांगितलेले नाही.

चौकटीला रंग देऊ नये. कोऱ्या लाकडावर भस्म धरते, ऑईलपेंटवर धरत नाही. त्यांनी सोमवारपासून पट्टे पुन्हा ओढावेत. यात माझा काही मोठेपणा नाही. लाकडाचा गुण सांगतो आहे.

एस.टी.ची पाटी मला आता वाचता येत नाही. पुढच्या रविवारी अमरेशरावांना मला न्यायला पाठव. हात धुऊन यायला सांग.

मठाला नकार कळवला आहे. कारण दिलेले नाही.

तुझा,
अप्पा